फळी फिरवून

वास्कोच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार कार्डं, एक-चौदाचे उतारे,
तारवट्यांची सीडीसीची बुकं,
आणि दर मंगळवारी सुब्रायबाब नेवगी,
हातात रापानुईचा कागद.

"मोठा कर, दीडशे टक्के.
आणि एक ओळ सोडून एक, उलटी."

कारण तिथल्या माणसानं लाकडावर कोरलंच तसं.
ओळ संपली की फळी डोक्यावर उभी करायची,
मग पुढची ओळ.
शेताच्या टोकाला जोत वळतं तशी, ते म्हणतात.
मी म्हणते, तव्यावरचा पोळा उलथतात तशी.

छत्तीस वर्षं मुरगाव बंदरात त्यांनी
भरती-ओहोटीचे तक्ते तपासले.
उंची, तास, मिनिट.
अशा माणसाला कसलीही रांग दाखवा,
तो तिच्यात पाणी चढताना बघणार.
ही आपली खोड, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कोयतीसारखी कोर. पुन्हा कोर. पुन्हा.
मध्येच लांब मानेचा पक्षी,
दोरीला लटकलेला मासा.
"तोंड वर असेल तर चंद्र वाढतोय.
खाली वळलं की आवस जवळ."
एक पोट सुटलेला माणूस फतकल मारून बसलेला.
"ही पुनव," म्हणाले, आणि चष्मा पुसला.

एका फळीवर चंद्राच्या रात्री असाव्यात
एवढं पुष्कळांना पटलेलं आहे.
सुब्रायबाबचं त्यावर भागत नाही.
त्यांना उरलेल्या फळ्यांतून कृत्तिका उगवायला हव्यात,
शुक्राचं बुडणं आणि निघणं हवं.
वाचू शकणारे गेले.
काहींना जहाजांनी धरून नेलं, काहींना देवीनं.
म्हणतात, एका फळीला नंतर कुणी
गरीची दोरी गुंडाळून ठेवली होती.
हे सांगताना ते हसतात. मला हसू येत नाही.

गेल्या मंगळवारी हिशेब अडला.
रात्री तीस हव्या होत्या, चिन्हं एकतीस.
मशीन तापलेलं, टोनर संपत आलेला,
बाहेर कंडक्टर "मडगाव, मडगाव" करत होता.
ते काउंटरवर वाकून मोजत राहिले,
शेवटचं चिन्ह बोटाखाली दाबून,
सोडलं तर उडून जाईल असं.

मी मागे भिंतीकडे बघितलं.
अर्बन बँकेचं कॅलेंडर.
सिलिंडर आला तिथे गोल. दूध घेतलं नाही, फुली.
माझं लाल टिंब.
नवरा साइन ऑफ होणार त्या तारखेवर होडी.
बाराला होडी. ती खोडून एकोणिसाला.
तीही खोडून सव्वीस.
आणि महिना संपल्यावर जो कोरा चौकोन उरतो,
ज्याला तारीखच नसते,
त्यात एक होडी, शिडासकट.
फोन कट झाला तेव्हा हातात पेन होतं.

"सुब्रायबाब," मी म्हटलं,
"एखादी रात्र आकाशात नसेलही."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
भिंतीकडे पाहिलं नाही ते बरं.
सिलिंडरांच्या पुनवा केल्या असत्या त्यांनी,
फुल्यांची ग्रहणं,
आणि होडीला नक्षत्र दिलं असतं.

सुट्टे मोजून दिले. दारात थांबले.
"आज सुकती पावणेपाचला.
बायण्याला वाळू बरीच उघडी पडेल."
हे ते कुणालाही सांगतात.
मासेवाल्या बायका त्यांच्याआधीच तिथे असतात.

शटर ओढताना दिसलं,
एक कागद काचेवरच राहिलाय.
उलटा केला. मग सुलटा.
पक्षी दोन्हीकडून
कुठेतरी बघत होता,
माझ्याकडे नाही.